विरघळते किती, बुडते किती?

शेतकऱ्याच्या फसवणुकीचा विषय निघाला की आपल्या डोळ्यांपुढे प्रथम तराजू उभा राहतो. ते स्वाभाविकही आहे. वऱ्हाडात तर या तराजूविरुद्धच्या लढ्याला मोठा इतिहास आहे. कापसाच्या व्यापारातील खोट्या मापांना आणि मनमानी कपातीला आळा घालण्यासाठी १८८६ साली कारंज्याचा बाजार नियंत्रणाखाली आला, आणि १८९७ साली वऱ्हाडसाठी कापूस व धान्य बाजारांचा स्वतंत्र कायदा झाला. या देशातील नियंत्रित बाजारपेठांचा तो आरंभ होय. १९२८ च्या शाही शेती आयोगाने अशा बाजारांचा देशभर पुरस्कार केला तेव्हा त्याच्यापुढे वऱ्हाडचेच उदाहरण होते. पुढे १९५६ च्या कायद्याने दशमान वजने-मापे आली आणि काटा तपासून त्यावर शिक्का मारण्याची पद्धत गावोगाव रुळली. आज वरूडच्या बाजारात संत्रा विकावयास आलेला शेतकरी काट्याकडे बोट दाखवून जाब विचारू शकतो. त्याचे सारे प्रश्न त्यामुळे सुटले असे नाही, पण निदान किलो म्हणजे किती, याविषयी वाद उरलेला नाही.

शेतकरी विकावयास जातो तेव्हाची ही गोष्ट झाली. तो विकत घ्यावयास जातो तेव्हा काय होते? कृषी सेवा केंद्रातून त्याने खताचे पोते उचलले तर त्याचे वजन काट्यावर पन्नास किलो भरेल. परंतु त्याने पैसे मोजले आहेत ते पन्नास किलो पदार्थासाठी नव्हे. त्या पदार्थातील जो अंश पाण्यात विरघळून झाडाच्या मुळापर्यंत जाणार, त्या अंशासाठी त्याने पैसे मोजले आहेत. तो अंश किती, हे कोणताही काटा सांगत नाही. घन पदार्थ द्रवात किती विरघळतो, याचे बिनचूक आणि भरवशाचे मोजमाप हा म्हणूनच केवळ रसायनशास्त्राच्या वर्गातील विषय राहत नाही. तो वजनमापाचा, म्हणजे न्यायाचा, विषय होतो. या दृष्टीने त्याचा विचार आपल्या चळवळीत अद्याप पुरेसा झालेला नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

खताच्या धंद्याचा उगमच मुळी विद्राव्यतेच्या प्रश्नातून झाला. हाडांत आणि स्फुरदयुक्त खडकांत स्फुरद भरपूर असते, पण ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. जॉन बेनेट लॉज या इंग्रज जमीनदाराने या पदार्थांवर गंधकाम्लाची क्रिया करून विरघळणारे स्फुरद तयार करण्याचे एकस्व १८४२ साली घेतले. तेच आपले सुपर फॉस्फेट. उलट त्याच सुमारास, १८४५ साली, युस्टुस फॉन लीबिग या जर्मनीच्या थोर रसायनशास्त्रज्ञाने आपले स्वतःचे खत बाजारात आणले. पावसाने क्षार वाहून जाऊ नयेत म्हणून त्याने ते मुद्दाम न विरघळणारे केले, आणि ते साफ फसले. पिकाला लागणारी द्रव्ये त्यात होती, परंतु पिकाला ती घेता येत नव्हती. इंग्लंडच्या पार्लमेंटने १८९३ साली खतांसंबंधी कायदा केला तेव्हा विक्रेत्याने द्यावयाच्या बिलात विद्राव्य स्फुरद किती आणि अविद्राव्य किती, हे वेगवेगळे लिहिण्याचे बंधन घातले. एकाच द्रव्याची ही दोन रूपे, आणि दोहोंची किंमत निराळी, हे तत्त्व त्या दिवशी कायद्याने मान्य केले.

आपल्याकडे १९५७ साली पहिला खत नियंत्रण आदेश आला. सध्या लागू आहे तो १९८५ चा, अत्यावश्यक वस्तू कायद्याखालील आदेश. त्यात हे तत्त्व पुरतेपणी उतरलेले आहे. सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये उपलब्ध स्फुरद किमान १६ टक्के आणि त्यापैकी पाण्यात विरघळणारे किमान साडेचौदा टक्के असले पाहिजे. ठिबक सिंचनातून द्यावयाच्या १९:१९:१९ सारख्या विद्राव्य खतात पाण्यात न विरघळणारा भाग अर्ध्या टक्क्याहून अधिक असता कामा नये. आकडे लहान दिसतात, पण त्यांचा हिशेब मांडून पाहावा. सुपर फॉस्फेटच्या पन्नास किलोच्या पोत्यात साडेचौदा टक्क्यांप्रमाणे सव्वासात किलो विद्राव्य स्फुरद यावयास हवे. समजा, आम्लाची क्रिया अपुरी राहिली किंवा भुकटी खडक तसाच मिसळला आणि प्रमाण दहा टक्क्यांवर आले, तर शेतकऱ्याच्या पदरी पडते ते पाच किलो. पोते पन्नासच किलोचे, छपाई तीच, किंमत तीच. ज्या द्रव्यासाठी पैसे मोजले त्याचा मात्र तिसरा हिस्सा जवळजवळ गेला. कापसाच्या काट्यावर दर क्विंटलला तीस किलो मारले असते तर बाजारात दंगल उसळली असती. येथे कोणाला पत्ताही लागत नाही.

कोणी म्हणेल, उरलेले स्फुरद मातीत पडूनच आहे ना, ते आज ना उद्या उपयोगी पडेल. कोकणातल्या किंवा आसामातल्या आम्लधर्मी मातीत हे काही अंशी खरे आहे, तेथे खडकातील स्फुरद हळूहळू सुटते. वऱ्हाडच्या काळ्या, चुनखडीयुक्त, विम्लधर्मी मातीत ते सुटत नाही. एवढेच नव्हे, तर विद्राव्य स्वरूपात घातलेल्या स्फुरदापैकीही बराच भाग चुना धरून ठेवतो. तात्पर्य, एकच पोते दोन प्रदेशांत दोन किमतींचे असते, आणि विद्राव्यतेतील खोट आपल्या शेतकऱ्याला इतरांहून अधिक महागात पडते.

संत्र्याच्या बागाईतदाराला तर हा प्रश्न दुहेरी भिडतो. वरूड आणि मोर्शी तालुक्यांत भूजलाचा अतिउपसा होऊन विहिरी आटल्या, बोअर खोल खोल गेले, आणि पाणी पुरविण्यासाठी ठिबकावाचून गत्यंतर उरले नाही. ठिबक आले तशी विद्राव्य खते आली. ही खते नेहमीच्या खतांच्या कितीतरी पट महाग असतात आणि त्यांचा मोठा भाग आयात होतो. पंचवीस किलोच्या गोणीत अर्धा टक्का गाळ म्हणजे सव्वाशे ग्रॅम. तो दोन टक्के झाला तर अर्धा किलो. हा अर्धा किलो गाळ जातो कोठे? काही गाळणीत अडकतो, काही नळ्यांत बसतो, काही ड्रिपरची सूक्ष्म तोंडे बंद करतो. ज्या झाडाचा ड्रिपर बुजला ते झाड आंबिया बहराच्या ऐन भरात तहानेले राहते आणि फळगळ सुरू होते. तेव्हा दोष हवामानाला दिला जातो, कलमेला दिला जातो, शेतकऱ्याच्या आळसाला दिला जातो, पण गोणीला दिला जात नाही.

आता मोजमापाच्या मूळ प्रश्नाकडे वळू. विरघळणे ही इतकी नित्याची गोष्ट आहे की ती मोजणे सोपे असेल असे वाटते. वस्तुतः तसे नाही. एक तर ‘किती विरघळते’ आणि ‘किती लवकर विरघळते’ हे दोन भिन्न प्रश्न आहेत. पांढरे पोटॅश, म्हणजे सल्फेट ऑफ पोटॅश, ढवळून पाच मिनिटांत तळाशी राहिले, एवढ्यावरून ते खोटे ठरत नाही. ते सावकाश विरघळते. दुसरे म्हणजे तपमान. पोटॅशियम नायट्रेट, ज्याला बागाईतदार १३:०:४५ म्हणून ओळखतो, ते १०० ग्रॅम पाण्यात १० अंशांवर सुमारे २१ ग्रॅम, २० अंशांवर सुमारे ३२ ग्रॅम आणि ३० अंशांवर सुमारे ४६ ग्रॅम विरघळते. सल्फेट ऑफ पोटॅशचा आकडा २० अंशांवर अवघा ११ ग्रॅम आहे. शिवाय पोटॅशियम नायट्रेट आणि युरिया विरघळताना पाण्यातील उष्णता ओढून घेतात आणि पाणी आणखी थंड करतात. पौषातल्या पहाटे टाकीत खत कालवणारा शेतकरी आणि वैशाखात दुपारी कालवणारा शेतकरी यांचे अनुभव म्हणूनच एक होत नाहीत, आणि दोघेही खरे बोलत असतात.

शास्त्रज्ञ यावर जो मार्ग काढतात तो समजण्यास कठीण नाही. तपमान कायम राखलेल्या भांड्यात द्रव घ्यावयाचा, त्यात घन पदार्थ मुद्दाम जास्त टाकावयाचा आणि ते तासन्‌तास, अनेकदा दिवस-दोन दिवस, हलवीत राहावयाचे. थोड्या थोड्या वेळाने नमुना तपासून आकडा बदलावयाचा थांबला की द्रावण संपृक्त झाले असे समजावयाचे. मग त्याच तपमानात ते गाळावयाचे, कारण गाळताना थंडावा आला तर विरघळलेला पदार्थ पुन्हा खडे धरू लागतो. शेवटी गाळलेल्या द्रवातील पदार्थ मोजावयाचा. खरी कसोटी याच्याही पुढची आहे. एकदा कोऱ्या पाण्यापासून सुरुवात करून संपृक्ततेपर्यंत चढत जावे, आणि एकदा गरम, जास्त भरलेल्या द्रावणापासून उतरत यावे. दोन्ही वाटांनी येऊन आकडा एकच पडला तर त्यावर विश्वास ठेवावा.

कायद्याच्या प्रयोगशाळेत मात्र एवढा वेळ नसतो, आणि प्रश्नही थोडा वेगळा असतो. पोत्यातील स्फुरदाचा किती भाग विद्राव्य आहे, एवढेच तेथे ठरवावयाचे असते. त्यासाठी सर्वांनी मान्य केलेली ठराविक कृती असते. एक ग्रॅम नमुना गाळणकागदावर घेऊन तो थोड्या थोड्या पाण्याने, साधारण २५० मिलिलिटर गाळीव द्रव जमेपर्यंत, तासाभरात धुवावयाचा. खाली आले ते विद्राव्य. जे पाण्यात उतरत नाही पण मुळांना घेता येते असे मानले जाते, ते अजमावण्यासाठी उरलेल्या भागावर अमोनियम सायट्रेटच्या उदासीन द्रावणाची ६५ अंशांवर तासभर क्रिया करावयाची. ही सायट्रेटची युक्ती १८७१ पासूनची आहे. यात निसर्गाचा नियम आहे, तसा माणसांचा करारही आहे. धुण्याचे पाणी वाढविले, वेळ वाढविला, तपमान बदलले, तर आकडा बदलेल. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला यात नवल वाटू नये. महागाईचा निर्देशांकही असाच असतो. कोणते वर्ष आधारभूत धरले, टोपलीत कोणत्या वस्तू घातल्या, हे सांगितल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही. परंतु पद्धत एकदा ठरली की ती सर्वांना सारखीच लागू झाली पाहिजे, आणि ती काय आहे हे ज्याच्या पोटाचा प्रश्न आहे त्याला कळले पाहिजे.

येथे बिनचूकपणा आणि भरवसा यांतील फरकही ध्यानात घ्यावा. जो काटा दर वेळी शंभर ग्रॅम कमी दाखवितो तो भरवशाचा आहे, पण खरा नाही. जो काटा कधी जास्त, कधी कमी दाखवितो तो सरासरीने खरा निघेल, पण भरवशाचा नाही. प्रयोगशाळेला दोन्ही गुण हवेत. त्यासाठी ज्ञात घटकांचे प्रमाण नमुने अधूनमधून तपासणे, एकच नमुना अनेक प्रयोगशाळांना देऊन आकडे ताडून पाहणे, तपमापक आणि तराजू वेळोवेळी पारखून घेणे, हे सारे नियमाने व्हावे लागते. ते न झाले की न्यायालयात कंपनीचा वकील उभा राहतो, दोन प्रयोगशाळांचे दोन आकडे दाखवितो, आणि संशयाचा फायदा घेऊन जातो. ढिसाळ मोजमाप हे नेहमी ज्याच्याजवळ वकील आहे त्याच्याच बाजूचे असते.

शेतकरी स्वतः काहीच पारख करीत नाही असे नाही. डीएपीचे दाणे तळहातावर चुना घालून तंबाखूसारखे मळले आणि नाकाला झोंबणारा वास आला तर त्यात अमोनिया आहे. युरिया पाण्यात पूर्ण विरघळतो आणि पाणी हाताला गार लागते. बोर्डो मिश्रण तयार झाल्यावर त्यात लोखंडी विळा बुडवून पाहतात. त्यावर तांबूस थर चढला तर मोरचूद मोकळे राहिले आहे, चुना आणखी हवा. या कसोट्या शहाणपणाच्या आहेत आणि त्या शिकविल्या गेल्या पाहिजेत. पण त्यांची मर्यादाही तितक्याच स्पष्टपणे सांगितली पाहिजे. पाणी निवळशंख झाले म्हणजे खत खरे, ही समजूत घातक आहे. मीठही निवळशंख विरघळते. झिंक सल्फेटच्या नावाखाली स्वस्त मॅग्नेशियम सल्फेट विकले जाते, तेही तितकेच छान विरघळते. उलट सुपर फॉस्फेट पाण्यात टाकले की तळाशी भरपूर साका राहतो, आणि शेतकरी म्हणतो, यात माती घातली. वस्तुतः तो बव्हंशी जिप्सम असतो. गंधकाम्लाच्या क्रियेतच तो तयार होतो, लिटरभर पाण्यात जेमतेम दोन-अडीच ग्रॅम विरघळतो, आणि त्यातून मिळणारे गंधक जमिनीला उपयोगीच आहे. तसेच विद्राव्य स्फुरदयुक्त खत आपल्या विहिरीच्या जड, चुनायुक्त पाण्यात घातले तर उत्तम खतही साका धरू शकते. तेथे दोष पाण्याचा असतो. डोळ्यांना दिसणारे विरघळणे अशा रीतीने खोट्याला खरे आणि खऱ्याला खोटे ठरविते.

अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकर्लॉफ यांनी १९७० साली एका निबंधात दाखवून दिले की, मालाचा दर्जा विकणाऱ्याला ठाऊक आणि घेणाऱ्याला अज्ञात असेल तर बाजारात खोटा माल खऱ्या मालाला हुसकून लावतो. घेणारा सरासरी दर्जा धरून किंमत देऊ करतो, त्या किमतीत चांगला माल परवडत नाही, आणि प्रामाणिक उत्पादक बाहेर पडतो. पुढे २००१ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. खताच्या बाजाराला हे वर्णन अक्षरशः लागू पडते. बाजार आपोआप दर्जा सांभाळील असे जे म्हणतात त्यांनी हे विसरू नये की, दर्जा मोजणारी सार्वजनिक यंत्रणा नसेल तर ज्याला स्पर्धा म्हणतात ती लबाडीची स्पर्धा होते.

आणि यात पैसा केवळ शेतकऱ्याचाच नाही. ऑगस्ट १९९२ मध्ये स्फुरद व पालाशयुक्त खतांवरील नियंत्रण उठले. १ एप्रिल २०१० पासून पोषकद्रव्यांवर आधारित अनुदानाची योजना सुरू झाली. तीत नत्र, स्फुरद, पालाश आणि गंधक यांच्या दर किलोमागे सरकार कंपनीला अनुदान देते. म्हणजे पोत्यातील द्रव्य कमी भरले तर शेतकरी एकदा बुडतो आणि सरकारी तिजोरी, म्हणजे आपण सारे, दुसऱ्यांदा बुडतो. ज्या मोजमापावर एवढ्या मोठ्या सार्वजनिक रकमेचा हिशेब उभा आहे त्या मोजमापाची व्यवस्था मात्र खर्चाच्या यादीत तळाला असते.

तपासणीची चौकट कायद्यात आहे. निरीक्षक नमुना काढतो, त्याचे तीन भाग होतात. एक प्रयोगशाळेकडे, एक उत्पादक किंवा विक्रेत्याकडे आणि एक वरिष्ठांच्या ताब्यात जातो. फरिदाबादला केंद्राची संस्था आहे, राज्याच्या प्रयोगशाळा आहेत. पण नमुना जाऊन अहवाल परत येईपर्यंत आठवडे उलटतात, आणि तोवर खत जमिनीत गेलेले असते. बहर अहवालाची वाट पाहत थांबत नाही. नमुना नापास झाला तर खटला बहुधा त्या दुकानदारावर प्रथम येतो, ज्याने सीलबंद पोते जसे आले तसे विकले. ज्याने पोते भरले तो दूर राहतो. आणि ज्या शेतकऱ्याने तेच खत वापरले त्याला तो नमुना नापास झाल्याचे कोणी कळवीत नाही, मग भरपाईची गोष्ट दूरच.

अधिक तपासणी म्हणजे अधिक निरीक्षक, आणि अधिक निरीक्षक म्हणजे अधिक चिरीमिरी, असा आक्षेप घेतला जातो. तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. परंतु त्यावरचा उपाय मोजमाप कमी करणे हा नसून मोजमाप उघडे करणे हा आहे. बंद पाकिटातील अहवाल विकता येतो. बाजार समितीच्या फळ्यावर लावलेला अहवाल विकता येत नाही. कारंज्याच्या बाजारात शतकापूर्वी जे घडले ते हेच होते. काटा आडतीतून काढून चव्हाट्यावर आणला गेला.

आपल्या कार्यकर्त्यांनी यासाठी काही निश्चित मागण्या हाती घ्याव्यात. तपासलेल्या प्रत्येक नमुन्याचा निकाल, कंपनी, गोणीचा घाणा क्रमांक आणि विद्राव्य भागाचा आकडा यांसह, त्या तालुक्याच्या बाजार समितीत मराठीत प्रसिद्ध व्हावा. नापास घाण्यातील माल ज्यांनी पावतीवर घेतला त्यांना फरकाची रक्कम कंपनीने परत करावी. प्रत्येक गोणीवर, विद्राव्य भाग किती एवढेच न छापता, कोणत्या तपमानाच्या किती पाण्यात ते खत किती घालावे, हेही छापणे बंधनकारक व्हावे. आणि विक्रेत्याबरोबर उत्पादकाची जबाबदारी पहिल्या दिवसापासून धरली जावी.

याखेरीज सरकारची वाट न पाहता करण्यासारखेही एक काम आहे. वरूडसारख्या तालुक्याच्या गावीही आज विज्ञान महाविद्यालय असते, त्यात रसायनाची प्रयोगशाळा असते, तराजू, तपमापक, गाळणकागद आणि भट्टी असते. पदवीच्या विद्यार्थ्यांनी हंगामाच्या आरंभी आपल्या तालुक्यात विकल्या जाणाऱ्या विद्राव्य खतांचे नमुने घ्यावेत, ठरलेल्या तपमानाच्या मोजक्या पाण्यात ते विरघळवून गाळावेत, कागदावरचा गाळ वाळवून तोलावा, आणि प्रत्येक नमुना तीनदा करून तिन्ही आकडे लिहावेत. या आकड्यांना न्यायालयात किंमत नसेल, आणि त्यावरून कोणावर आरोपही करू नये. पण कोणता घाणा अधिकृत तपासणीसाठी तातडीने पाठवावा, हे त्यावरून निश्चित कळेल. ड्रिपर बुजण्यापूर्वी कळेल, हे महत्त्वाचे. शिवाय विद्यार्थी जे शिकतो त्याचा त्याच्या बापाच्या बागेशी संबंध आहे, हे त्यालाही उमजेल.

एकोणिसाव्या शतकात वऱ्हाडने देशाला नियंत्रित बाजार दिला, कारण येथील शेतकऱ्याचे हित काट्यात अडकले होते. आज ते विद्राव्यतेच्या आकड्यात अडकले आहे. मोजण्याची विद्या उपलब्ध आहे, ती फार महागही नाही. तीवर मालकी कोणाची राहावी, एवढाच प्रश्न आहे. ज्याचा घाम मातीत मुरतो त्याने विकत घेतलेल्या पोत्यातले काय मुरते आणि काय नुसतेच तळाशी बसते, हे जाणून घेण्याचा अधिकार त्याचा आहे, आणि तो त्याला मिळवून देणे हे आपले काम आहे.